वाचक विचारतात : काळजी, वकील आणि विम्याची जाहिरात

या महिन्याच्या टपालात वेगवेगळ्या गावांहून आलेले काही प्रश्न वरवर पाहता एकमेकांशी संबंध नसलेले होते. एक आभारपत्राचा, एक वकिलीचा, एक विम्याच्या जाहिरातीचा. पण सगळ्यांचं मूळ एकाच लॅटिन शब्दात आहे. म्हणून ते एकत्र छापत आहोत.

प्रश्न : एका परदेशी सहकाऱ्याच्या आजारपणात मी विचारपूस करणारं पत्र पाठवलं. उत्तरात 'युवर सॉलिसिट्यूड'बद्दल आभार आले. शब्दकोशात काळजी, चिंता आणि आस्था असे तीन अर्थ दिसले. मी नक्की काय केलं असं त्यांना वाटलं? आणि हा शब्द लॅटिनमधून आला असेल, तर तो बनला कसा? – सांगली

उत्तर : तुम्ही आस्थेनं चौकशी केलीत, त्याचे हे आभार आहेत. मनात धरलेली चिंता आणि वागण्यातून दिसणारी आपुलकी यांच्यामधल्या जागेवर हा शब्द बसतो. उच्चार मात्र 'सलिसिट्यूड' असा, जोर 'लि'वर.

आता शब्द उकलू. लॅटिनमध्ये 'सोल्लिकितुस' असं विशेषण आहे. त्याचे दोन तुकडे पडतात. पहिला 'सोल्लुस', म्हणजे सगळा, अख्खा. रोजच्या लॅटिनमध्ये हा शब्द फारसा उरला नव्हता. दक्षिण इटलीतल्या ऑस्कन भाषेत 'सोल्लो' म्हणजे 'संपूर्ण' अशी नोंद फेस्टुस या रोमन कोशकारानं करून ठेवली आहे. आपला 'सर्व' आणि ग्रीकांचा 'होलोस' हे याच कुळातले. 'होलोस'वरून पुढे हॉलिस्टिक आला आणि कॅथलिकही आला. दुसरा तुकडा 'कितुस', म्हणजे हलवलेला, चाळवलेला. तो 'किएरे', म्हणजे गती देणे, या क्रियापदाचं भूतकाळवाचक रूप आहे. ग्रीक 'किनेइन' हे त्याच मुळाचं क्रियापद. 'कायनेटिक' त्यावरून आला आणि 'सिनेमा'ही. हलती चित्रं आणि हललेलं मन, दोघांचं मूळ एकच.

म्हणजे सोल्लिकितुस म्हणजे 'सगळाच्या सगळा हललेला'. रोमन माणसाला काळजी ही विचारांची गोष्ट वाटत नव्हती, ती हालचालीची गोष्ट वाटत होती. हे मराठी माणसाला समजावून सांगायची फारशी गरज नाही. आपण 'जिवाची घालमेल झाली' म्हणतो, 'जीव वरखाली होतो' म्हणतो. संस्कृतातला 'उद्विग्न' तर जवळजवळ त्याचाच जुळा म्हणावा असा आहे : 'विज्' म्हणजे थरथरणे, हलणे, त्याला 'उद्' लागला आणि चिंताग्रस्त माणूस तयार झाला. 'क्षुब्ध'चंही तसंच, 'क्षुभ्' म्हणजे ढवळून निघणे. याउलट 'चिंता' आणि अरबीतून आलेली 'फिकीर' हे दोन्ही शब्द विचार करण्यावरून बनले आहेत. तेव्हा लॅटिन शब्दाच्या धातूला खरोखर भिडणारा प्रतिशब्द हवा असेल, तर चिंतेपेक्षा घालमेल जवळची.

रोमन लेखक हा शब्द फक्त मनाला लावत नव्हते, हे महत्त्वाचं. व्हर्जिलच्या शेतीविषयक काव्यात लाटा मागे फिरताना घुसळणाऱ्या समुद्राला हेच विशेषण आहे. त्याच काव्यात द्राक्षमळ्याच्या जमिनीबद्दल सांगताना 'सोल्लिकितारे' हे क्रियापद येतं : वेलीची सगळी कामं झाली तरी माती हलवत राहावी लागते, असा तो सल्ला आहे. आपल्याकडे कोळपं मारून माती खालीवर करतात, तेच. ओव्हिडच्या एका कथेत अपोलो अंगठ्यानं वीणेच्या तारा छेडतो, तिथेही हेच क्रियापद. प्रेमाबद्दलची ओव्हिडची एक ओळ तर प्रसिद्धच आहे. ग्रीक कथेतली पेनेलोपी युद्धावर गेलेल्या नवऱ्याला लिहिते, की प्रेम म्हणजे अस्वस्थ भीतीनं भरलेली वस्तू. त्या 'अस्वस्थ'च्या जागी मूळात सोल्लिकितुसच आहे.

या विशेषणावरून 'सोल्लिकितुदो' हे नाम झालं. ते फ्रेंचमध्ये गेलं आणि पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत उतरलं. उच्चारातला 'क' वाटेत 'स' झाला, कारण 'इ' आणि 'ए'च्या आधीचा लॅटिन 'सी' फ्रेंचमध्ये सकारी होतो. दोनपैकी एक 'एल'ही इंग्रजीनं गाळला. लॅटिन आणि फ्रेंच स्पेलिंगमध्ये 'एल' दोन, इंग्रजीत एक. फ्रेंच येणाऱ्यांची इंग्रजी लिहिताना हमखास इथेच चूक होते.

वापराबद्दल थोडं. 'कन्सर्न' हा कामकाजातही चालतो, बैठकीत 'माझा एक कन्सर्न आहे' म्हणता येतं. तिथे 'सलिसिट्यूड' घातलात तर लोक चमकतील. 'अँग्झायटी' आतल्या आत असते, दुसऱ्याला दिसलीच पाहिजे असं नाही. सलिसिट्यूड मात्र दिसते : उशी नीट करणं, औषधाची वेळ विचारणं, निघताना 'पोचल्यावर कळव' म्हणणं. हा शब्द बहुतेक वेळा दुसऱ्याबद्दलच्या काळजीला लावतात. स्वतःच्या परीक्षेच्या धास्तीला तो लावला तर जुनाट वाटतो. अनेकवचनात 'सलिसिट्यूड्स' आला तर मात्र अर्थ निव्वळ चिंता, विवंचना असा होतो. विशेषण 'सलिसिटस', त्यापुढे 'ऑफ', 'अबाउट' किंवा 'फॉर' यांपैकी काहीही चालतं. त्यात अतिरेकाची छटाही येऊ शकते. हॉटेलात पाचव्यांदा 'सगळं ठीक ना?' विचारणारा वेटर हाही सलिसिटसच.

मराठीत नामासाठी आस्था आणि विशेषणासाठी आस्थेवाईक, यापेक्षा चांगले शब्द आम्हाला सुचत नाहीत. 'आस्थेवाईकपणे चौकशी केली' या मराठी वाक्यात जे सगळं येतं, तेच त्या आभारपत्रात होतं.

प्रश्न : मुलं निबंधात 'सॉलिट्यूड' आणि 'सॉलिसिट्यूड' यांची अदलाबदल करतात. दोन्ही एकाच मुळाचे आहेत का? – नाशिक, एक शिक्षक

उत्तर : नाहीत. 'सॉलिट्यूड' आला तो 'सोलुस' म्हणजे एकटा यावरून, आणि तो 'सोलुस' एका 'ल'चा आहे. आपला शब्द दोन 'ल'च्या 'सोल्लुस'चा. लॅटिनमध्ये जो फरक कानाला स्पष्ट ऐकू येत होता, तो इंग्रजी स्पेलिंगनं एक 'एल' गाळून पुसून टाकला. मुलांचा दोष निम्माच धरा.

वर्गात एक खूण उपयोगी पडते. शब्दाच्या मध्ये 'साइट' हे क्रियापद, म्हणजे उद्धृत करण्याचं 'सी-आय-टी-ई', डोकावतंय का ते बघायला सांगा. 'सॉलिसिट्यूड'मध्ये 'सी-आय-टी' ही अक्षरं सलग आहेत, 'सॉलिट्यूड'मध्ये 'सी' मुळातच नाही. ही नुसती पाठांतराची युक्ती नव्हे, नातं खरंच आहे : साइट, एक्साइट, इन्साइट, रिसाइट आणि बेशुद्ध रुग्णाला शुद्धीवर आणण्याचं 'रिससिटेट', ही सगळी त्याच हलवण्या-बोलावण्याच्या क्रियापदाची संतती. एकान्तात काहीच हलत नाही, म्हणून तिथे 'सी' नाही, एवढं सांगितलं तरी मुलांच्या लक्षात राहील.

प्रश्न : मग सॉलिसिटरचं काय? वकिलाचा आणि काळजीचा संबंध कसा? मुंबईत सॉलिसिटर आणि ॲडव्होकेट वेगळे का मानत? – दादर

उत्तर : विशेषणात माणूस स्वतः हललेला असतो, क्रियापदात तो दुसऱ्याला हलवतो. पुढचा सगळा घोळ याच फाट्यावर झाला आहे. 'सोल्लिकितारे' म्हणजे हलवणे, ढवळणे, मागे लागणे. त्याचं फ्रेंचमधून इंग्रजीत 'सलिसिट' झालं, आणि 'एखाद्या प्रकरणाचा पिच्छा पुरवणे' असा एक अर्थ त्याला चिकटला. दुसऱ्याच्या वतीनं प्रकरण पुढे ढकलत राहणारा तो सॉलिसिटर. मराठीत म्हणायचं तर पाठपुरावा करणारा. इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयात कज्जे वर्षानुवर्षं रेंगाळत, तिथे अशा माणसाची गरज किती असेल, हे आपल्याकडच्या दिवाणी दाव्यांची सवय असलेल्याला सांगायला नको.

इंग्लंडमध्ये तेव्हा न्यायालयागणिक नावं वेगळी होती. चॅन्सरीत काम करणारा सॉलिसिटर, कॉमन लॉच्या न्यायालयांत ॲटर्नी, चर्चच्या आणि नौकानयनाच्या न्यायालयांत प्रॉक्टर. 'ॲटर्नी' म्हणजे फ्रेंचमध्ये नेमून दिलेला. 'प्रॉक्टर' हे 'प्रोक्युरातोर'चं आखडलेलं रूप, आणि त्यात 'क्युरा' म्हणजे काळजी आहे : दुसऱ्याऐवजी काळजी वाहणारा. १८७३चा ज्युडिकेचर ॲक्ट १८७५मध्ये अमलात आला तेव्हा हे तिन्ही एकत्र आले आणि सर्वांना एकच नाव राहिलं, सॉलिसिटर.

मुंबई उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे जिथे दावे थेट दाखल होतात त्या शाखेत, हीच इंग्रजी विभागणी चालत होती. पक्षकार सॉलिसिटरकडे जायचा, सॉलिसिटर कागदपत्रं तयार करून कौन्सेलला माहिती द्यायचा, आणि न्यायाधीशांसमोर उभा राहायचा तो कौन्सेल. पक्षकारानं थेट कौन्सेलकडे जायचं नाही, असा रिवाज. ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये १९७६ साली दुरुस्ती झाली आणि ॲटर्नींचा, म्हणजे या सॉलिसिटरांचा, वेगळा वर्ग कायद्यानं संपला. आज सनद एकच, ॲडव्होकेटची. तरीही बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा आर्टिकलशिपसह, म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखालच्या उमेदवारीसह, अजून चालू आहे, आणि ती पास झालेले वकील नावापुढे सॉलिसिटर लावतात. ती पात्रता आहे, सनद नव्हे. पाटी बघून दोन्हींत गोंधळ करू नका.

जाता जाता, वर्तमानपत्रांत नेहमी होणारी एक गल्लत. केंद्राचा ॲटर्नी जनरल म्हणजे महान्यायवादी, तो संविधानाच्या अनुच्छेद ७६मध्ये आहे. राज्याचा ॲडव्होकेट जनरल म्हणजे महाधिवक्ता, तो अनुच्छेद १६५मध्ये. सॉलिसिटर जनरल हा केंद्राचा दुसऱ्या क्रमांकाचा विधी अधिकारी, पण त्याचं पद संविधानात नाही. त्याला 'महाधिवक्ता' लिहिणं चूक आहे.

प्रश्न : विम्याच्या जाहिरातींखाली 'इन्शुरन्स इज द सब्जेक्ट मॅटर ऑफ सॉलिसिटेशन' असं एक वाक्य असतं. एजंट म्हणाला, याचा अर्थ 'विमा ग्राहकानं स्वतः मागायचा असतो'. बरोबर आहे का? – कोल्हापूर

उत्तर : हा अर्थ खूप ठिकाणी सांगितला जातो, पण आम्हाला तो पटत नाही. व्याकरणाप्रमाणे वाक्य इतकंच सांगतं : 'ही जी गळ घातली जात आहे, तिचा विषय विमा आहे'. गळ कोण घालतंय? जाहिरात देणारी कंपनी. विमा क्षेत्राच्या नियमांतही सॉलिसिटेशन म्हणजे विमा घ्यावा म्हणून ग्राहकाचं मन वळवण्यासाठी कंपनीनं किंवा मध्यस्थानं त्याच्याकडे जाणं, अशाच अर्थानं शब्द येतो. म्हणजे ही ओळ एक उघड कबुली आहे : आम्ही तुमच्याकडे काही मागतोय, आणि ते विम्याबद्दल आहे.

गोंधळ होण्याचं कारण शोधायला लांब जायला नको. मोबाइलवर 'अनसॉलिसिटेड' जाहिराती येतात, त्या थांबवायला ट्राय या दूरसंचार नियामकानं १९०९ हा क्रमांक दिला आहे. तिथे 'अनसॉलिसिटेड' म्हणजे ज्याला संदेश आला त्यानं न मागितलेला. एका शब्दात मागणारी कंपनी, दुसऱ्यात न मागणारा ग्राहक. क्रियापद तेच, कर्ता बदलला. एजंटानं दुसऱ्या वाक्याचा कर्ता उचलून पहिल्याला लावला.

एजंटाच्या अर्थाचा एक व्यवहारी तोटाही आहे. 'मागणी ग्राहकानं केली' असं मनात बसलं, की प्रश्न विचारायचा हक्क आपणच सोडल्यासारखं वाटतं. गळ समोरच्यानं घातली आहे, तेव्हा हप्ता किती वर्षं, मधेच सोडलं तर परत काय मिळणार, कोणते आजार वगळले आहेत आणि प्रतीक्षाकाळ किती, याची लेखी उत्तरं त्यानंच द्यायची. सही करण्याआधी ती मागून घ्या.

प्रश्न : आमच्या न्यू जर्सीच्या सोसायटीत घराघरांवर 'नो सॉलिसिटिंग' अशी पाटी आहे. गणपतीची वर्गणी मागायला जावं की नाही? आणि हा शब्द वापरला तर पुण्याहून आलेले काका का हसले? – एडिसन

उत्तर : पाटीचा मुख्य रोख दारोदार विक्री करणाऱ्यांवर असतो : छप्पर दुरुस्ती, सौर पॅनेल, केबल, कीटकनाशक फवारणी. पण भाषेच्या दृष्टीनं देणगी मागणं हेही सॉलिसिटिंगच आहे, आणि कित्येक गावांच्या नियमांत त्याची व्याख्या तशीच केलेली असते. म्हणून आधी गावाच्या क्लार्कच्या कार्यालयात विचारा, परवाना लागतो का आणि किती वाजेपर्यंत फिरता येतं. सोसायटीचे स्वतःचे नियम वेगळे असतात, तेही बघा. धर्मप्रसार किंवा मतप्रचारासाठी दारावर जाण्याला परवाना सक्तीचा करता येत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २००२मध्ये ओहायोतल्या स्ट्रॅटन गावाच्या खटल्यात ठरवलं. पण त्यावरून वर्गणीलाही मोकळं रान मिळालं असं समजू नका. मंडळाच्या नावानं लोकांकडून देणग्या मागायच्या असतील, तर अनेक राज्यांत त्याची नोंदणी करावी लागते. आणि घरमालकाची स्वतःची पाटी असेल त्या घराची घंटा वाजवू नये. ओळखीच्यांना फोन करून वर्गणी गोळा करणं सगळ्यात सुटसुटीत.

काका हसले त्याचं कारण शब्दाचा तिसरा अर्थ. रस्त्यात उभं राहून गिऱ्हाईक खुणावण्यालाही इंग्रजी कायद्यात सॉलिसिटिंग म्हणतात. आपल्याकडच्या १९५६च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याच्या आठव्या कलमातही तो याच अर्थानं आहे. मागे काही न जोडता नुसतं 'सॉलिसिटिंग करतो' म्हटलं की जाणकार कान टवकारतात. 'सॉलिसिटिंग डोनेशन्स' म्हणा, प्रश्न मिटला.

मराठीतही हे घडलं आहेच. तार छेडणं आणि मुलीची छेड काढणं, क्रियापद एक. रोमन अपोलोनं जे तारांवर केलं त्याच धातूनं पुढे रस्त्यावरचा अर्थ घेतला, हा योगायोग आम्हाला फार आवडतो.

प्रश्न : रजेच्या अर्जात 'आय सॉलिसिट यू टू ग्रँट' असं लिहावं का? – अकोला

उत्तर : नको. आजच्या इंग्रजीत 'सलिसिट'नंतर मागितलेली वस्तू येते : सहकार्य, सूचना, मतं, देणगी, निविदा. ज्याच्याकडे मागायचं त्याच्याआधी 'फ्रॉम'. माणसाला थेट कर्म करून पुढे 'टू' लावणं जुनाट झालं आहे. रजेसाठी 'रिक्वेस्ट' पुरेसा.

स्पेनला किंवा लॅटिन अमेरिकेत जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. स्पॅनिशमध्ये 'सोलिसितूद' म्हणजे बहुतेक वेळा साधा अर्ज. व्हिसाच्या फॉर्मवर तो शब्द दिसला तर सरकारला तुमची काळजी वाटते असा समज करून घेऊ नका. इटालियनमध्ये 'सोल्लेचितो' म्हणजे तत्पर, आणि बिल थकलं की येणाऱ्या स्मरणपत्रालाही तेच नाव.

प्रश्न : 'केअर' हा लॅटिन 'क्युरा'वरून आला असं एका व्याख्यानात ऐकलं. – पणजी

उत्तर : चूक, पण फसवी चूक. 'केअर' जर्मानिक आहे, जुन्या इंग्रजीत 'कारू' म्हणजे शोक, दुःख. जर्मनमध्ये गुड फ्रायडेला 'कारफ्रायटाग' म्हणतात, त्यातला 'कार' तोच. 'क्युरा'ची खरी वंशावळ वेगळी : क्युअर, क्युरेटर, ॲक्युरेट, क्युरियस, आणि 'से-क्युरा' म्हणजे काळजीपासून दूर, म्हणून सिक्युअर. बिनकामाच्या बिनजोखमीच्या पदाला 'सायनेक्युअर' म्हणतात, 'सिने क्युरा', काळजीविना.

पणजीहून प्रश्न आला म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. पोर्तुगालनं १७५९मध्ये जेझुइटांना, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक धर्मसंघातल्या लोकांना, आपल्या मुलखातून हाकललं, त्यात गोवाही आलं. पुढे १७७३मध्ये पोपनं तो संघच बरखास्त केला. १८१४ साली सातव्या पायस पोपनं तो पुन्हा उभा केला, त्या आज्ञापत्राचे पहिले शब्द 'सोल्लिकितुदो ओम्नियुम एक्लेसियारुम' : सर्व चर्चची काळजी. हे शब्द बायबलमधल्या संत पौलाच्या पत्रातून घेतलेले. लॅटिन बायबलमध्ये येशू मार्थाला 'तू पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस' म्हणतो, तिथेही हाच धातू आहे. एकाच ग्रंथात पौलाची काळजी ही जबाबदारी आणि मार्थाची काळजी ही उगाचची दगदग.

प्रश्न : 'इन्सूसियन्स'चा अर्थ बेफिकिरी. यात 'सूसी' काय आहे? – औरंगाबाद, फ्रेंच शिकणारी विद्यार्थिनी

उत्तर : 'सोल्लिकितारे'च फ्रेंच तोंडात झिजत झिजत 'सूसिए' झाला, आणि 'सूसी' म्हणजे काळजी, विवंचना. 'सां सूसी' म्हणजे बिनघोर. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकनं १७४५ ते १७४७ या काळात पॉट्सडॅमला उन्हाळी महाल बांधला, त्याला हेच नाव दिलं.

तुमच्या फ्रेंच कोशात 'सूसी'चा दुसरा अर्थ म्हणून एक पिवळं-केशरी फूलही दिसेल, कॅलेंड्युला. त्याचा काळजीशी काडीचा संबंध नाही. ते उत्तरकालीन लॅटिन 'सोल्सेक्विया', म्हणजे सूर्यामागे फिरणारं, या शब्दापासून आलं, आणि झिजून झिजून काळजीच्या शब्दासारखं दिसायला लागलं.